वाघूरचे पाणी : अंदाजाने की मापाने?

पावसाळा सुरू झाला की खानदेशातील वृत्तपत्रांत एक आकडा नित्यनेमाने झळकू लागतो. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले आणि तापीच्या पात्रात किती क्युसेक विसर्ग चालू आहे, ही ती वार्ता होय. नदीकाठचा शेतकरी तीवरून आपले पंप वर घ्यावयाचे की नाही हे ठरवितो, मामलेदार कचेरी तीवरून गावांना सावध करते, आणि गुजरातेत उकाई धरणावर बसलेला अभियंता तीवरून आपल्या जलाशयात जागा करून ठेवतो. या आकड्यावर एवढे लोक विसंबून राहतात, कारण तो कोणीतरी मोजलेला असतो.

मात्र ज्या लहान नद्यांच्या काठी खानदेशातील शेकडो गावे वसली आहेत, त्यांच्याबद्दल असा आकडा सामान्य वाचकाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. ‘नदी दुथडी भरून वाहू लागली’, ‘पाणी पुलाला लागले’, ‘यंदा नदी लवकर आटली’ यांसारख्या वर्णनांवरच त्यांचे वृत्त संपते. वर्णन कितीही यथार्थ असले तरी त्यातून हिशेब होत नाही. पाण्यावरून उद्भवणारे बहुतेक वाद आज या हिशेबाच्या अभावी अनिर्णित राहतात, म्हणून हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.

एका नदीची वाट

वाघूरचेच उदाहरण घ्यावे. अजिंठ्याची लेणी ज्या अर्धचंद्राकृती कड्यात कोरलेली आहेत, त्या कड्याच्या पायथ्याशी वाहणारी नदी ती हीच. तेथून फर्दापूर, वाकोद या बाजूने उत्तरेस उतरत ती जामनेर तालुक्यातील पहूरला येते आणि पुढे धरणात अडविली जाऊन शेवटी तापीस मिळते. वाघूर धरणाचे पाणी जळगाव शहराच्या नळांना येते, हे सर्वविदित आहे. याचा अर्थ असा की अजिंठ्याच्या डोंगरात पडलेला पाऊस, पहूरच्या शेतांतून वाहून आलेली माती, वाटेतील गावांचे सांडपाणी आणि शेतात फवारलेली औषधे, या सर्वांचा अखेरचा हिशेब जिल्ह्याच्या मुख्य शहरातील पाण्याच्या भांड्यात होतो.

धरणात पाणी किती साठले, हे पाटबंधारे खाते रोज मोजते. ते मोजणे सोपे असते, कारण पाण्याची पातळी कळली की ठरलेल्या कोष्टकावरून साठा काढता येतो. परंतु धरणाचा साठा म्हणजे नदीच्या बँकेतील शिल्लक होय. ती शिल्लक कोणत्या खात्यातून, केव्हा आणि कशा प्रकारे जमा झाली, वाटेत कोणी किती काढले आणि कोणी काय मिसळले, हे शिलकीच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वाहते पाणी मोजावे लागते. साठलेले पाणी मोजणे आणि वाहते पाणी मोजणे, यांत तिजोरी मोजणे आणि बाजारातील उलाढाल मोजणे यांइतकेच अंतर आहे.

वाहते पाणी मोजावयाचे कसे?

मूळ कल्पना शाळकरी मुलालाही समजेल इतकी साधी आहे. प्रवाहाचा आडवा छेद आणि त्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. सहा मीटर रुंद आणि सरासरी ४० सेंटिमीटर खोल असा ओढा घेतला, तर त्याचा छेद २.४ चौरस मीटर होतो. त्यात टाकलेला लाकडाचा तुकडा २० मीटर अंतर ४० सेकंदांत तोडत असेल, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. तळाशी पाणी घासत जात असल्यामुळे सरासरी वेग पृष्ठभागापेक्षा कमी असतो, म्हणून त्याला सामान्यतः ०.८५ ने गुणतात. हिशेब केला असता सेकंदाला सुमारे एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी वाहत आहे असे निघते. वृत्तपत्रीय भाषेत हे साधारण ३५ क्युसेक झाले. दिवसभर असाच प्रवाह राहिला तर सुमारे ८६ हजार घनमीटर पाणी त्या ठिकाणाहून पुढे गेले. ज्या टीएमसीचे आकडे सभांतून ऐकू येतात तो एक टीएमसी भरण्यास या ओढ्याला जवळजवळ ३३० दिवस लागतील. एवढा एक हिशेब ज्याने स्वतः केला, त्याला पाण्यावरील भाषणे निराळ्या कानांनी ऐकू येऊ लागतात.

शास्त्रीय मापनाची रीत याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे. पॅरिसच्या सीन नदीत आंरी पितो याने १७३२ साली वाकविलेली काचेची नळी धरून निरनिराळ्या खोलींवरचा वेग पाहिला. त्यानंतर काही दशकांनी त्याच शहरासाठी पाणी आणण्याच्या कामावर असताना शेझी याने उतार, खोली आणि वेग यांचा संबंध सूत्रात बांधला. आयरिश अभियंता मॅनिंग याने १८८९ मध्ये त्याला जे रूप दिले, ते आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास पाठ असते. प्रत्यक्ष नदीवर मात्र पात्राचे अनेक उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात प्रवाहमापक यंत्र सोडतात. यंत्राच्या वाट्या पाण्याच्या रेट्याने फिरतात आणि त्यांच्या फेऱ्यांवरून वेग कळतो. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर एक वाचन पुरते. खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन खोलींवर वाचने घेऊन त्यांची सरासरी काढतात. ही यंत्रे बिनचूक आहेत की नाहीत हे तपासण्याची सोय पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली ही संस्था या विषयात देशात अग्रणी आहे.

असे मापन रोज, दर तासाला करणे शक्य नसते. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना विसर्ग एकदा नीट मोजून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार करतात. मग पुलाच्या खांबावरील मापनपट्टी वाचली की विसर्ग कळतो. या सोयीत एक धोकाही दडलेला आहे. नदीचा तळ बदलला की आलेख खोटा ठरतो. एखाद्या पुरात गाळ साचला, अथवा वाळूचा बेसुमार उपसा होऊन पात्र दोन हात खाली गेले, तर तीच पातळी निराळा विसर्ग दाखवू लागते. म्हणून मापन ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही. दरवर्षी पुनःपुन्हा मोजून आलेख तपासावा लागतो. वाळूउपशाची चर्चा एरवी महसूल आणि गुन्हेगारी यांपुरती होते. त्या उपशामुळे नदीचे मापही बिघडते, हा तोटा क्वचितच कोणी लक्षात घेतो.

अंदाजाची परंपरा

मापे नसतील तेथे अभियंत्यांनी अंदाजाचा आधार घेतला, आणि त्यात त्यांचा दोष नाही. स्ट्रेंज या अभियंत्याने १८९२ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील निरीक्षणांवरून पावसापासून किती पाणी वाहून येईल याची कोष्टके रचली. पुढे क्लॉड इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातील ५३ ठिकाणांच्या मापनावरून घाटासाठी एक आणि दख्खनच्या पठारासाठी एक अशी दोन सूत्रे दिली. हे अंदाज पोकळ नव्हते. त्यांच्या मुळाशी प्रत्यक्ष नदीकाठी घेतलेली मापे होती, आणि हीच गोष्ट पुढच्या पिढ्यांनी विसरली जाऊ देता कामा नये.

पठाराचे ते सूत्र एक विलक्षण सत्य सांगते. वर्षाचा पाऊस ७० सेंटिमीटर असेल तर त्यानुसार सुमारे १४.४ सेंटिमीटर पाणी वाहून नदीस मिळते. पाऊस ५० सेंटिमीटरवर आला तर वाहून येणारे पाणी अवघे ६.३ सेंटिमीटर राहते. पावसात घट तीन दशांशांहून कमी, पण नदीच्या पाण्यात घट निम्म्याहून अधिक! याचे कारण उघड आहे. जमीन आपली तहान आधी भागविते आणि उरलेलेच नदीला देते. ‘सरासरीच्या सत्तर टक्के पाऊस झाला, मग धरण सत्तर टक्के का भरले नाही?’ असा प्रश्न दुष्काळी वर्षी हटकून विचारला जातो आणि त्याचे उत्तर न मिळाल्याने संशय वाढतो. बऱ्याचदा त्यात कोणाची लबाडी नसते. निसर्गाचे गणितच तसे आहे.

तथापि १९२९ चे सूत्र आजच्या पाणलोटाला जसेच्या तसे लागू पडेल असे मानणे धाडसाचे होईल. त्यानंतरच्या नव्वदांहून अधिक वर्षांत डोंगरांवरील जंगल बदलले, विहिरींची संख्या आणि खोली वाढली, केळी व कापसाच्या शेतीने पाण्याची रीत पालटली, आणि नाल्यानाल्यांवर बंधारे झाले. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांच्या खोलीकरणाची कामे राज्यभर झाली. त्यांचे समर्थक भूजल वाढल्याचे सांगतात, तर टीकाकार खालच्या धरणांचे पाणी वर अडले असे म्हणतात. महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालाने अभियानाच्या फलश्रुतीविषयी प्रश्न उपस्थित केले. पण एखाद्या नाल्यावर काम होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर वरच्या व खालच्या अंगास प्रवाह मोजलेला नसेल, तर दोन्ही पक्षांचे म्हणणे मतापुरतेच राहते. वाघूरच्या वरच्या खोऱ्यात अडविलेल्या पाण्याने पहूरच्या विहिरी किती भरल्या आणि जळगावच्या धरणात किती कमी आले, याचा निवाडा वादविवादाने होणार नाही. तो मापानेच होईल.

मिसळणे म्हणजे काय?

पाणी किती, या प्रश्नाइतकाच पाणी कसे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. येथे एक समजूत सर्वत्र रूढ आहे. नदीत काही पडले की ते लगेच सगळ्या पाण्यात मिसळते, असे लोक धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. दोन नद्यांचा संगम झाला तरी त्यांची पाणी एकमेकांच्या शेजारून बरेच अंतर जातात. चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. तेथे संगम धर्मदृष्ट्या एका बिंदूवर होत असला, तरी जलशास्त्राच्या दृष्टीने तो एक लांबच लांब पट्टा असतो.

वरपासून तळापर्यंत पाणी थोड्याच अंतरात ढवळले जाते, कारण नदी उथळ असते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे मिश्रण मात्र फार सावकाश होते. या विषयावर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७९ मधील ग्रंथ प्रमाण मानला जातो. त्यातील रीतीने एक साधे उदाहरण सोडविता येते. नदी ३० मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल, वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि उतार दोन किलोमीटरला एक मीटर असा धरला, तर काठावरून सोडलेले सांडपाणी पलीकडच्या काठापर्यंत सारखे मिसळावयास नऊ ते दहा किलोमीटर लागतात. तेच पाणी पात्राच्या मध्यभागी सोडले तर सुमारे अडीच किलोमीटरांत काम भागते. रुंदी दुप्पट झाली आणि बाकीचे तेच राहिले, तर अंतर चौपट होते. प्रत्यक्ष पात्रातील वळणे, खडक आणि डोह यांमुळे हे आकडे कमीअधिक होतील. मात्र हे अंतर काही पावलांचे नसून किलोमीटरांचे असते, हा निष्कर्ष बदलत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. समजा, एखाद्या नाल्याचे सांडपाणी नदीच्या डाव्या काठास येऊन मिळते आणि तपासणीसाठी नमुना अर्ध्या किलोमीटरवर उजव्या काठावरून घेतला गेला. प्रयोगशाळा आपले काम चोख करील आणि पाणी निर्मळ असल्याचा दाखला देईल. तोच नमुना डाव्या काठावरून घेतला तर निकाल नेमका उलटा येईल. दोन्ही अहवाल खरे असतील आणि दोन्ही अपुरे. डाव्या काठी गुरे पाजणाऱ्या शेतकऱ्याला मात्र पहिल्या अहवालाच्या आधारे खोटे पाडले जाईल. तेव्हा नमुना कोठून, कोणत्या काठाने, किती खोलीवरून आणि किती विसर्ग असताना घेतला, हे लिहिल्यावाचून पाण्याच्या गुणवत्तेचा कोणताही अहवाल ग्राह्य मानू नये.

मिश्रणाचा दुसरा प्रकार नदीच्या लांबीच्या दिशेने घडतो. मध्यभागी पाणी वेगाने पळते, काठाशी ते रेंगाळते आणि डोहांत अडकून पडते. त्यामुळे एका जागी पडलेला पदार्थ खाली जाताना लांबत जातो. पात्र नसले तरी नळीतील प्रवाहासाठी जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये या प्रसाराचे गणित मांडले आणि पुढे इतरांनी ते नद्यांना लावले. जळगाव–छत्रपती संभाजीनगर हा वाहता रस्ता पहूरवरून जातो. उद्या एखादा रसायनाचा टँकर पुलावर उलटला, तर विषारी पाणी धरणाच्या तोंडाशी केव्हा पोहोचेल, त्याचा जोर केव्हा सर्वाधिक असेल आणि त्याची शेपटी किती दिवस रेंगाळेल, या तीन प्रश्नांची उत्तरे पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला काही तासांत द्यावी लागतील. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ एका गोदामाला लागलेल्या आगीनंतर विषारी द्रव्ये ऱ्हाईन नदीत गेली आणि काठच्या देशांना हा धडा कठोरपणे शिकावा लागला. त्यानंतर त्यांनी नदीत निरुपद्रवी रंगद्रव्य सोडून प्रवासाच्या वेळा मोजल्या आणि धोक्याची सूचना देणारे गणित तयार केले. आपत्तीची वाट न पाहता हे काम लहान नदीवर फार कमी खर्चात करता येते.

उसना घेतलेला नियम

सांडपाणी सोडण्याचे जे निकष आज जगभर रूढ आहेत, त्यांचे मूळ ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगात आहे. १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात आयोगाने सांगितले की शुद्ध केलेल्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. पाण्यातील घाण कुजताना जिवाणू जो प्राणवायू खाऊन टाकतात त्याचे हे माप असून ते बीओडी या नावाने ओळखले जाते. मात्र या शिफारशीला एक अट जोडलेली होती. नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. नदीच्या पाण्याची मूळ भूक २ मिलिग्रॅम धरली, तर एक भाग सांडपाणी आणि आठ भाग नदी यांचे मिश्रण बरोबर ४ मिलिग्रॅमवर येते. आयोगाच्या मते तेथवर नदी आपले आरोग्य सांभाळू शकत होती.

भारतात पर्यावरण संरक्षण नियम १९८६ अन्वये जमिनीवरील जलप्रवाहांत सोडावयाच्या पाण्यासाठी ३० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा आहे. आठपट पाण्यात हे मिसळले तर मिश्रण ५ मिलिग्रॅमच्या आसपास राहील. नदीत सांडपाण्याइतकेच पाणी असेल तर ते १६ वर जाईल. आणि नदी कोरडी असेल तर पात्रातून सांडपाणीच वाहील व आकडा तीसच राहील. स्नानायोग्य पाण्यासाठी हीच मर्यादा ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे नियमाचे तंतोतंत पालन करूनही नदीचे गटार होऊ शकते.

इंग्लंडमधील नदीला बारमाही पाऊस आहे. खानदेशातील नदी पावसाळ्यात उधाणते, हिवाळ्यात क्षीण होते आणि वैशाखात डोहांपुरती उरते. बारमाही नदीसाठी केलेला नियम हंगामी नदीला लावताना आठपट पाण्याची अट मधल्या मध्ये गळून गेली, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. महाराष्ट्राने तर जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वीच, १९६९ साली केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. एवढी जागरूकता दाखविणाऱ्या राज्याने कोणत्या महिन्यात कोणत्या नदीत किती पाणी असते हे पाहून सोडण्याच्या सांडपाण्याचे प्रमाण ठरविणे उचित होईल. तसे ठरविण्यासाठी पुन्हा एकच गोष्ट हवी, ती म्हणजे बारा महिन्यांचे मोजलेले प्रवाह.

पूर आणि शेजारधर्म

पुराच्या बाबतीतही स्थिती निराळी नाही. पूल, मोऱ्या आणि सांडवे यांसाठी महाराष्ट्रात इंग्लिस यांचेच सूत्र दीर्घकाळ वापरले गेले. १०० चौरस किलोमीटर पाणलोटास ते सुमारे १,१८० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे जवळजवळ ४२ हजार क्युसेकचा कमाल पूर सांगते. ते बसविले होते सह्याद्रीच्या उतारावरील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी. अजिंठ्याच्या अथवा सातपुड्याच्या ओढ्यांना ते कितपत लागू पडते, हे त्या ओढ्यांचे पूर मोजूनच सांगता येईल.

वरच्या अंगाचे मापन म्हणजे खालच्या अंगाचे संरक्षण होय. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला, उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. उकाईत येणारे पाणी खानदेशातूनच जाते. केंद्रीय जल आयोगाची भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा येथील केंद्रे तापीवर नजर ठेवून असतात. पूर्णेवर येरळी आणि गिरणेवर दापुरी येथेही मापन होते. मोठ्या नद्यांचा हा पहारा आवश्यकच आहे. पण ढगफुटीसारखा पाऊस डोंगरात कोसळतो तेव्हा पहिला तडाखा लहान नदीकाठच्या वस्तीला बसतो, आणि तेथे हाताशी असलेला वेळ दिवसांचा नसून घटकांचा असतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित यंत्रांनी पाऊस व पातळी यांची वर्दी तत्काळ मिळविण्याची व्यवस्था राज्याने केली आहे. त्याच धर्तीचे जाळे तापीच्या लहान उपनद्यांपर्यंत पोहोचणे न्याय्य ठरेल.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की पूर्वजांनी यंत्रांवाचूनच पाणी वाटले. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड, आणि पाणी देणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या यांच्या नजरेवर सारा कारभार चाले. पाणी कमी असले की भिजवावयाचे फड कमी केले जात आणि झळ सर्वांना सारखी लागे. ही व्यवस्था गौरवास्पदच आहे. परंतु तिच्यात बंधारा एक होता, वाटेकरी एकमेकांस ओळखत होते आणि नदीतून परभारे पाणी खेचणारी मोटर नव्हती. आज एकाच नदीवर वरचा बागायतदार, खालचा कोरडवाहू शेतकरी, कारखाना, धरण आणि दूरचे शहर असे वाटेकरी आहेत व ते एकमेकांस पाहूही शकत नाहीत. जेथे नजर पोहोचत नाही तेथे मापच साक्ष देते. नाशिक जिल्ह्यात ओझर परिसरातील वाघाड प्रकल्पाच्या पाणीवापर संस्थांनी १९९० च्या दशकात पाणी मोजून घेण्यास आरंभ केला, आणि मोजून घेतलेल्या पाण्याचे वाटप शेतकरी स्वतः करू शकतात हे दाखविले. पुढे २००५ च्या कायद्याने घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व राज्यभर मान्य केले. कालव्याला जे तत्त्व लागू झाले ते नदीला का लागू होऊ नये?

दुसरा आक्षेप खर्चाचा. अद्ययावत यंत्रे महाग आहेत हे खरे. पण आरंभ मिठानेही होतो. पाच किलो मीठ बादलीत विरघळवून ओढ्यात एकदम ओतले आणि खाली, जेथे ते पात्रभर सारखे मिसळले आहे तेथे, पाण्याची विद्युत्वाहकता दर काही सेकंदांनी टिपली, तर मिठाचा लोंढा येताना आणि जाताना दिसतो. तो २०० सेकंद टिकला आणि त्या काळात मिठाचे प्रमाण सरासरी २५ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढलेले राहिले, तर विसर्ग सेकंदाला एक हजार लिटर ठरतो. खडकाळ, खळाळत्या ओढ्यात जेथे प्रवाहमापक यंत्र नीट चालत नाही तेथे हीच रीत अधिक विश्वासार्ह असते. वाहकता मोजणारे साधे उपकरण कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेस परवडणारे आहे.

काय करावे?

मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, प्रत्येक लहान नदीवर निदान एका पुलाच्या खांबावर सुवाच्य मापनपट्टी रंगवावी, तिची पातळी रोज नोंदवावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राचा छेद मोजावा. जुन्या पुरांच्या खुणा देवळाच्या पायऱ्यांवर वा घरांच्या भिंतींवर असतील तर त्यांच्या उंचीचीही नोंद व्हावी, कारण अशा खुणांवरून आणि पात्राच्या उतारावरून गेलेल्या पुराचाही विसर्ग काढता येतो. दुसरी, पाण्याच्या गुणवत्तेचा कोणताही नमुना घेताना त्या वेळचा विसर्ग आणि नमुन्याची नेमकी जागा नोंदविणे बंधनकारक करावे. तिसरी, या नोंदी कचेरीच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात. नाशिक येथे राज्याचा जलविज्ञान प्रकल्प आणि महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तर जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. मार्गदर्शनाची उणीव भासण्याचे कारण नाही.

या कामात शिक्षक आणि विद्यार्थी यांचा वाटा मोठा राहील. पहूरसारख्या गावातील शाळेने दहा वर्षे नित्यनेमाने पट्टी वाचली, तर त्या नोंदवहीचे मोल कोणत्याही तात्कालिक पाहणीहून अधिक ठरेल. इंग्लिस यांची सूत्रे ५३ ठिकाणच्या मापनांवर उभी राहिली. ती मापने ज्या कारकुनांनी आणि चौकीदारांनी पावसात भिजून टिपली, त्यांची नावे कोठेही नाहीत, पण त्यांच्या आकड्यांवर महाराष्ट्रातील धरणांच्या कित्येक पिढ्या आखल्या गेल्या. दुष्काळात पाणी कोणाचे, पुरात दोष कोणाचा आणि दूषित पाण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न येत्या काळात अधिक तीव्र होणार आहेत. त्यांची उत्तरे बलवानाच्या आवाजाने ठरू द्यावयाची नसतील, तर दुबळ्याच्या हाती मोजलेला आकडा असला पाहिजे.